उतरणीचा गिअर



या वर्षीच्या वसंत व्याख्यानमालेसाठी विषय सुचवा, असे चिटणिसांनी आम्हाला कळविले, तेव्हा आम्ही कामगार कायद्यांवरचे तीन विषय लिहून पाठविले. ते तिन्ही त्यांनी नम्रपणे बाजूला ठेवले आणि आम्हाला सांगितले, "तुम्ही ड्रायव्हर लोकांत वावरता. हमरस्त्यावर हाताने टाकायचा गिअर बरा की आपोआप पडणारा, यावर बोला. गावात आता दारोदार मोटारी उभ्या आहेत, लोक ऐकतील." सूचना रास्त होती. पण मोटार घेणारा गिअरकडे पाहतो ती नजर वेगळी आणि गिअरवर ज्याचा पगार अवलंबून आहे त्याची नजर वेगळी. आम्ही दुसऱ्या नजरेचे आहोत, हे आरंभीच सांगून टाकतो.

आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. 1986 साली, सोळाव्या वर्षी, आम्ही मुंबई-बंगलोर मार्गावरच्या एका ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. सहा वर्षांनी स्टिअरिंग हाती आले आणि पुढे युनियनचे काम गळ्यात पडले. यंत्राविषयी जे कळले ते प्रथम उस्तादाच्या शिव्यांतून आणि नंतर नगर वाचनालयाच्या कपाटांतून. तेव्हा कोठे इंजिनिअरांच्या कानाला खटकेल असा शब्द आला, तर त्यांनी तो पोटात घालावा.

आधी गिअर मुळात कशाला लागतो ते पाहू. बोरघाट चढणाऱ्या वाफेच्या इंजिनाला गिअरबॉक्स नव्हता. सिलिंडरात वाफेचा दाब भरला की चाक जागचे हलण्यापूर्वीच त्यावर पुरा जोर येतो. पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या इंजिनाचा स्वभाव असा नाही. ते स्वतः फिरत असेल तरच जोर देते. फार मंदावले की गचकन बंद पडते. उभ्या गाडीला ओढून काढण्यास जोर हवा आणि हे इंजिन तर पळत्यालाच साथ देणार. यातून वाट काढण्यासाठी दात्यांची चाके मध्ये घातली. गिअर जोर निर्माण करीत नाही. फेरे देऊन जोर घेतो, नाही तर जोर देऊन फेरे घेतो. हा उधारीचा नव्हे, रोखीचा व्यवहार आहे. पहिल्या गिअरात इंजिन पुष्कळ फिरते, चाक थोडे फिरते, पण जोरदार फिरते. टॉपमध्ये याच्या उलट.

ही चाकांची जोडणी मोटारीत रूढ केली ती पॅरिसच्या पानार आणि लव्हासॉर यांच्या कारखान्याने, 1891 साली. पुढे इंजिन, त्यामागे क्लच, त्यामागे सरकणाऱ्या दात्यांची चाके, अशी जी मांडणी त्यांनी केली, तीच थोड्याफार फरकाने शतकभर चालली. चाके एकमेकांत घुसताना दात कचाकच वाजत. हे रानटी आहे खरे, पण चालते, असे खुद्द लव्हासॉरनेच म्हटल्याचे सांगतात. 1898 च्या नाताळच्या आदल्या रात्री लुई रेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने आपली घरी बनविलेली छोटी गाडी पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवरील रू लपिक या चढाच्या रस्त्याने वर नेऊन दाखविली आणि त्याच रात्री ऑर्डरी मिळविल्या. त्याच्या गाडीचे वैशिष्ट्य असे की वरच्या गिअरात इंजिनाचा दांडा मागच्या दांड्याला सरळ जोडला जाई. मधल्या दात्यांत जोर वाया जात नसे. ज्याला आपण 'टॉप' म्हणतो त्याचा जन्म तेथला. 1899 साली त्याने पेटंट घेतले.

तरीही गिअर बदलणे हे हुनराचे काम राहिले. आम्ही ज्या ट्रकवर शिकलो त्याला डबल क्लच मारावा लागे. एकदा क्लच दाबून गिअर काढायचा, क्लच सोडून रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. इंजिनाचे फेरे आणि चाकांचे फेरे कानाने जुळवायचे. जुळले तर गिअर लोण्यात सुरी जावी तसा जाई. न जुळले तर साऱ्या घाटाला कळे. अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीने 1928 सालीच सिंक्रोमेश आणले होते. त्यात दाते भिडण्याआधी दोन्ही चाकांचा वेग घर्षणाने सारखा केला जातो आणि कानाची गरज संपते. ती सोय आमच्या त्या ट्रकापर्यंत 58 वर्षांतही येऊन पोहोचली नव्हती. श्रीमंताच्या मोटारीपासून मजुराच्या ट्रकापर्यंतचा रस्ता नेहमीच लांबचा असतो.

आता हमरस्त्याकडे वळू. गावातल्या रस्त्यावर गिअरची लायकी कळत नाही, ती कळते लांबच्या सरळ रस्त्यावर. याचा उत्तम दाखला इंग्लंडात मिळतो. 2 नोव्हेंबर 1959 रोजी लंडनच्या उत्तरेकडून निघणारा 'एम वन' हा मोटाररस्ता खुला झाला. वेगावर बंधन नव्हते. ताशी 70 मैलांची मर्यादा आली ती 1965 च्या डिसेंबरात. लोक हौसेने आपापल्या मोटारी घेऊन गेले आणि पहिल्या काही दिवसांतच रस्त्याच्या कडेला बंद मोटारींच्या ओळी लागल्या. पाणी उकळलेले, बेअरिंगे गेलेली. ही इंजिने टाकाऊ होती काय? मुळीच नाही. या मोटारींचे गिअर वळणावळणाच्या, चढउतारांच्या खेडवळ रस्त्यांसाठी आखलेले होते. एखाद्या मोटारीला टॉपमध्ये मिनिटाला 1000 फेऱ्यांना ताशी 25 किलोमीटर मिळत असतील, तर 100 च्या वेगाला इंजिन 4000 फेरे घेणार. आणि 40 किलोमीटर मिळत असतील तर 2500 फेऱ्यांत भागणार. पाच मिनिटे 4000 फेरे घेणे निराळे आणि दोन तास घेणे निराळे.

जर्मनांकडे रस्ता आधी आला. फ्रांकफुर्ट ते डार्मष्टाट हा ऑटोबानचा तुकडा 1935 च्या मे महिन्यात खुला झाला. त्यानंतर जी फोक्सवागन आकाराला आली तिचा चौथा गिअर असा लांब ठेवला होता की चाकाकडचा दांडा इंजिनापेक्षा अधिक फिरावा. गाडी चढाला जीव सोडी, पण सपाटीवर आपल्या कमाल वेगाने दिवसभर न थकता चाले. अमेरिकेत हेच काम ओव्हरड्राइव्ह नावाच्या जोडगिअरने केले. 1934 च्या क्रायस्लर एअरफ्लो गाडीत तो होता. आपल्याकडे अँबॅसिडर, पद्मिनी आणि 1983 साली आलेली पहिली मारुती, साऱ्यांना चारच गिअर. पाचवा कोणासाठी ठेवायचा? तासन् तास एका वेगाने धावावे असा रस्ताच नव्हता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरता खुला होण्यास 2002 साल उजाडले.

आता आपोआप पडणाऱ्या गिअरची गोष्ट. तिचा आरंभ जमिनीवर नव्हे, जहाजाच्या कारखान्यात आहे. जर्मनीत श्टेटिन येथील व्हल्कन गोदीत काम करणाऱ्या हर्मान फ्योटिंगर या इंजिनिअरने 1905 साली तेलातून जोर पोहोचविण्याचे पेटंट घेतले. येथल्या भगिनींना ही युक्ती आमच्यापेक्षा लवकर कळेल. रवीने ताक घुसळताना डेरा घट्ट धरावा लागतो. न धरला तर ताकाच्या ओढीने डेराही रवीबरोबर फिरू लागतो. इंजिन ही रवी, तेल हे ताक आणि चाकांकडे जाणारा दांडा हा डेरा. रवी सावकाश फिरली तर डेरा जागचा हलत नाही, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू. जोराने घुसळले की डेरा निघाला. क्लचचे काम झाले आणि पाय मोकळा राहिला. हॅरॉल्ड सिंक्लेअर या इंग्रज इंजिनिअरने ही युक्ती रस्त्यावर आणली, तीही लंडनच्या बसचे धक्के सोसून वैतागल्यामुळे. आणि 1930 साली डेमलर कंपनीच्या गाड्यांत ती दिसू लागली.

पण गिअर निवडणे अजून माणसाकडेच होते. तेही काढून घेतले जनरल मोटर्सने. 1939 च्या ऑक्टोबरात, 1940 सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांवर, त्यांनी 'हायड्रामॅटिक' दिला; जादा किंमत 57 डॉलर. क्लचचे पायडल नाही. चार गिअर वेगाच्या आणि ॲक्सिलरेटरच्या हिशेबाने आपोआप बदलायचे. योगायोग पाहा, बरोबर वर्षभराने, 1 ऑक्टोबर 1940 रोजी, पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा अमेरिकेचा पहिला लांब पल्ल्याचा द्रुतगती मार्ग खुला झाला. मग युद्ध आले आणि हाच गिअरबॉक्स कॅडिलॅकच्या इंजिनांबरोबर एम-5 या हलक्या रणगाड्यात बसला. शेतावरून उचलून आणलेल्या पोराला डबल क्लच शिकवीत बसण्यास सैन्याला सवड नव्हती. आमच्यासारख्याला येथे थांबून विचार करावासा वाटतो. ज्या कामाला शिकण्यास दोन वर्षे लागत, ते दोन आठवड्यांत शिकता आले, तर काम हलके होते हे खरे. काम करणाऱ्याची किंमतही हलकी होते, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच पेटीतून येतात.

या पेट्या बनविणाऱ्यांचीही एक आठवण इतिहासात आहे, ती सांगितल्याविना पुढे जाववत नाही. मिशिगन राज्यात लिव्होनिया येथील हायड्रामॅटिकच्या कारखान्याला 12 ऑगस्ट 1953 रोजी आग लागली. वेल्डिंगची ठिणगी गंजरोधक द्रवाला लागली आणि पाहता पाहता अवघा कारखाना बसला. कामगार मृत्युमुखी पडले. पुढचे काही महिने कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलला भावंड कंपनीचा गिअरबॉक्स उसना घ्यावा लागला. मोटारींच्या इतिहासांत या आगीची नोंद असते. बहुधा 'पुरवठ्यातील अडचण' म्हणून.

युद्धानंतर अमेरिकेत आपोआप गिअर घरोघर गेला. 1956 साली आंतरराज्य महामार्गांचा कायदा होऊन 41,000 मैलांचे जाळे विणावयास घेतले. दिवसभर एका वेगाने जायचे, तर हात-पाय गुंतवावेत कशाला, हा विचार बरोबरच होता. मात्र ताकाचा दृष्टांत पुढे न्यावा तर डेरा रवीपेक्षा नेहमी थोडा मागेच राहतो. तो फरक तेल तापण्यात जातो, म्हणजे इंधन वाया जाते. पेट्रोल स्वस्त होते तोवर कोणाला फिकीर नव्हती. 1973 साली तेलाचा पुरवठा आखडला, 1974 पासून साऱ्या अमेरिकेत ताशी 55 मैलांचे बंधन आले आणि मग कारखानदारांना जाग आली. पॅकार्ड कंपनीने 1949 सालीच एक उपाय दाखविला होता. वेग स्थिरावला की तेलाला बगल देऊन आतला क्लच दोन्ही दांडे घट्ट बांधून टाकी. क्रायस्लरने 1978 पासून तसा गिअरबॉक्स दिला, इतर मागोमाग आले, चौथा लांब गिअरही आला. तेव्हापासून सपाट हमरस्त्यावर आपोआप गिअर अधिक पेट्रोल पितो ही तक्रार विरत गेली. आज आठ-आठ, दहा-दहा गिअरांच्या मोटारी आहेत. त्या कित्येकदा हाताच्या गिअरापेक्षा कमीच पितात. आपल्याकडे 2014 साली मारुतीने साध्याच गिअरबॉक्सवर क्लच दाबणारी आणि गिअर टाकणारी यंत्रणा बसवून स्वस्तातली तोड काढली, ती पुष्कळांच्या दारात असेल.

तेव्हा चिटणिसांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे की, सपाटीवर हा वाद आमच्या मते मिटला आहे. आपोआप गिअर घ्यावा, गुडघा वाचवावा. ओव्हरटेक करताना हाताचा गिअरवाला आधीच खालचा गिअर टाकून तयार असतो. आपोआपवाल्याने पाय दाबल्यावर पेटीला क्षणभर विचार करावा लागतो, एवढा फरक उरतो. पेटीला डोळे नाहीत. चाकाखाली काय चालले आहे ते तिला कळते. पुढच्या वळणापलीकडे काय आहे ते कळत नाही. गेल्या पंधराएक वर्षांत युरोपातल्या बड्या ट्रकांत नकाशा पाहून गिअर ठरविणाऱ्या पेट्या आल्या आहेत, त्यांची गोष्ट वेगळी.

उरलेले अर्धे उत्तर उतारावर आहे, आणि आम्ही आलो आहोत ते त्यासाठी.

गिअरचा इतिहास लिहिणारे चढाचे लिहितात, वेगाचे लिहितात. रेनो टेकडी चढून गेला हे साऱ्यांना ठाऊक. तो उतरला कसा हे कोणी लिहीत नाही. लोड भरलेल्या ट्रकवाल्याला मात्र चढाची भीती नसते. चढाला फार तर गाडी बंद पडेल. एक हिशेब करून पाहा. लोणावळा आणि खोपोली यांच्या उंचीत पाचशे मीटरांहून अधिक फरक आहे. 40 टनांची गाडी 500 मीटर खाली आली तर जी शक्ती कोठे तरी जिरवावी लागते, तिच्यात 30 अंशांचे साडेसहाशे लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापेल. काही भाग वारा आणि टायर घेतात. बाकीची सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये जिरवावयाची म्हटले, तर लायनर जळतात, ड्रम फुगतो आणि पायडल दाबले तरी गाडी ऐकत नाही. यालाच वर्तमानपत्रे 'ब्रेक फेल' म्हणतात. ब्रेक आपण होऊन फेल होत नाही. त्याच्याकडून दुसऱ्याचे काम करून घेतलेले असते.

हे दुसऱ्याचे काम म्हणजे इंजिनाचे. खालच्या गिअरात गाडी उतरविली की चाके इंजिनाला फिरवू लागतात, आणि इंजिन ते आढ्याने करून घेते. हाच गिअरचा ब्रेक. उस्तादाने आम्हाला शिकविलेला पहिला नियम असा की, ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर. चाळीस वर्षांपूर्वी तो बरोबर होता. आज तो अपुरा आहे, कारण नव्या इंजिनांना ताकद एवढी आहे की पूर्वी सेकंडला चढणारे लोड आता थर्डला, चौथ्याला चढते. टायर हलके फिरतात, बॉडी वारा कापते. चढला त्या गिअरात उतरू म्हटले तर गाडी सुटते. आता एक-दोन गिअर खालीच उतरावे लागते. ही गोष्ट पुष्कळ जुन्या ड्रायव्हरांना अजून पटत नाही. आम्ही शिबिरांत घसा कोरडा करतो.

डिझेल इंजिनाचा हा ब्रेक मुळात कमजोर, हे ज्याच्या अंगावर बेतले त्याचे नाव क्लेसी कमिन्स. आपल्या नावाची डिझेल इंजिने बनविणारा हा अमेरिकन कारखानदार 1931 साली स्वतः ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजलिसला निघाला होता. कॅलिफोर्नियातला कहोन घाट उतरताना ब्रेक गेले. खाली रेल्वेचे फाटक, फाटकातून मालगाडी चाललेली. शेवटचा डबा सरकला आणि ट्रक रुळांवरून पार झाला. अंतर इंचांत मोजण्याचे. हा प्रसंग तो विसरला नाही. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याने एक तोड काढली. उतारावर इंजिनाने हवा दाबली की ती दाबलेली हवा झडप उघडून बाहेर सोडून द्यायची, म्हणजे दाबण्याचे श्रम वाया जातात आणि तेवढी गाडी आवरते. 1961 पासून जेकब्ज कंपनीने ही यंत्रणा विकावयास काढली. अमेरिकन ड्रायव्हर तिला 'जेक ब्रेक' म्हणतात. मालक स्वतः गाडीवर बसला म्हणून तीस वर्षांत का होईना उपाय निघाला. सारेच मालक गाडीवर बसते, तर काय काय निघाले असते!

आपोआप गिअरची उतारावरची अडचण आणखी निराळी होती. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला आणि वेग वाढत चालला, की पेटी समजते, भार हलका झाला, वरचा गिअर टाकावा. उतारावर नेमके हेच घडते. जेव्हा खालचा हवा तेव्हा ती वरचा टाकते. म्हणून 1952 च्या हायड्रामॅटिकला ड्रायव्हरने तिसऱ्या गिअरवर रोखून धरावयाची वेगळी खूण आली. पुढे 1968 च्या जानेवारीपासून अमेरिकन सरकारने नियमच केला की, आपोआप गिअरच्या गाडीत पुढे जाण्याची एक तरी जागा अशी हवी, की कमी वेगात ती वरच्या गिअरापेक्षा इंजिनाचा अधिक ब्रेक देईल. तुमच्या मोटारीच्या दांडीवर 'एल' किंवा 'एम' असे अक्षर असेल, ते शोभेचे नाही. घाटात 'डी' वर गाडी सोडून पाय सतत ब्रेकवर ठेवणारे सुशिक्षित लोक आम्ही दर रविवारी पाहतो. जळक्या लायनरचा वास येतो आणि ते काचा वर करून घेतात.

बोरघाटाला ही समज नवी नाही. 1863 साली रेल्वेने घाट उघडला तेव्हा उतरणीवर जागोजाग बाजूला चढत जाणारे फाटे काढले. सुटलेली गाडी त्यावर चढून थांबावी म्हणून सांधा त्या फाट्याकडेच लावून ठेवायचा. गाडी थांबली, ताब्यात आहे अशी खात्री पटली की मगच मुख्य मार्ग द्यायचा. ब्रेक जाणारच, असे धरून रेल्वेने रूळ टाकले. तेहेतीस वर्षे आधी, 1830 साली, शेजारी खुल्या झालेल्या गाडीरस्त्यावर मात्र सारी भिस्त हाकणाऱ्यावर होती, आणि शिंगरोबावर. धनगराच्या त्या देवळाशी एक नाणे टाकून आम्हीही शेकडो वेळा उतरलो आहोत.

आणि उतरलो कसे, तेही सांगतो. न्यूट्रलमध्ये. व्यासपीठावर बसून तरुण ड्रायव्हरांना दोष देणे सोपे आहे, म्हणून हे आधी आमच्या नावावर लिहून घ्या. गिअर काढला की इंजिन शांत होते, गाडी पाण्यासारखी वाहू लागते, वाऱ्याचा आवाज तेवढा उरतो. वीस-बावीस वर्षांच्या माणसाला त्यात जी गोडी वाटते ती शब्दांत सांगता येत नाही. पण त्यात एक सापळा आहे. एकदा गाडी सुटली की ती गिअर परत घेत नाही. चाकांचा वेग एवढा वाढतो की तेवढे फेरे इंजिनाला देताच येत नाहीत. दांडी कितीही ढकला, दाते नुसते खरवडतात. शिवाय इंजिन मंद फिरत असल्याने ब्रेकची हवाही सावकाश भरते, आणि पाय तर ती भराभर खर्च करीत असतो.

ड्रायव्हर न्यूट्रल मारतो तो केवळ गोडीसाठी नव्हे. तो मारतो डिझेलसाठी. सुमारे 2009 साली एका माल वाहतूकदाराकडच्या ड्रायव्हराचे प्रकरण आमच्याकडे आले. खंडाळ्याहून उतरताना गाडी सुटली, त्याने ती डोंगराच्या बाजूला घातली, समोरची एस. टी. वाचली, क्लीनरचा पाय गेला. चौकशी बसली आणि ठपका आला, निष्काळजीपणे गाडी न्यूट्रलमध्ये चालविली. आम्ही चौकशी अधिकाऱ्यापुढे त्याच मालकाची डिझेलची वही ठेवली. प्रत्येक खेपेला किती डिझेल जाळावयाचे ते त्यात ठरविलेले, आणि वर जाईल ते पगारातून कापलेले. घाट गिअरात उतरणारा ड्रायव्हर त्या आकड्यात बसणार नाही, असा सर्वांचा समज होता. मालकाचा होता, ड्रायव्हराचा होता, आणि खरे सांगायचे तर आमचाही होता.

तो समज खोटा होता. त्या चौकशीच्या निमित्ताने आम्ही इंजिनांच्या माहितीपुस्तिका वाचल्या तेव्हा कळले. गिअरात उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकेच इंजिनाला फिरवितात, म्हणून पंप डिझेल देणे बंद करतो, खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला थेंब थेंब डिझेल द्यावेच लागते. मंद उताराच्या लांब रस्त्यावर न्यूट्रलने थोडे वाचत असेल. पण घाटात, जेथे ब्रेक लावावाच लागतो, तेथे एक थेंब वाचत नाही, उलट जातो. म्हणजे कित्येक वर्षे माणसे जीव धोक्यात घालीत होती ती मालकाचे डिझेल वाचविण्यासाठी, आणि ते वाचतही नव्हते!

आम्ही हे टिपण चौकशीत वाचून दाखविले. अधिकारी सज्जन होता. त्याने दोनदा वाचावयास लावले. ड्रायव्हराची नोकरी राहिली, मागचा पगार बुडाला. डिझेलची कपात बंद झाली आणि सहा महिन्यांनी तिच्या जागी कमी डिझेल जाळणाऱ्यास बक्षीस सुरू झाले. वही तीच, मथळा बदलला. तो ड्रायव्हर पुन्हा घाटात गेला नाही, वजनकाट्यावर बसतो.

आता विजेच्या गाड्या आल्या. 2023 पासून पुण्याच्या मार्गावर विजेच्या शिवनेरी धावू लागल्या. विजेच्या मोटरीला वाफेच्या इंजिनासारखाच जागच्या जागी पुरा जोर असतो, म्हणून गिअर बदलण्याचे प्रयोजनच नाही. आणि उतारावर तीच मोटर उलट वीज बनवून बॅटरीत भरते, गाडीही आवरते. मात्र बॅटरी वरपर्यंत भरलेली असेल, तर त्या विजेला जागा नसते आणि आवरण्याचे काम पुन्हा ब्रेकवर येते. घाटमाथ्यावर बॅटरी गच्च भरून खाली निघू नये, ही नव्या उस्तादांची शिकवण होईल.

मागच्या वर्षी एका सभासदाच्या नव्या ट्रकातून आम्ही खंडाळ्याहून खोपोलीस उतरलो. क्लचचे पायडल नाही, पेटी आपोआप गिअर टाकते, हाताशी इंजिन-ब्रेकची दांडी. पोरगा अठ्ठावीस वर्षांचा. डबल क्लच त्याने कधी मारलेला नाही, आणि आम्ही हाताने तो कसा करीत असू हे दाखविले तेव्हा त्याला हसू आवरेना. उतार सुरू होण्याआधी त्याने वेग तिशीवर आणला, पेटीला हाताने खालच्या गिअरवर रोखले, दांडी ओढली आणि पाय जमिनीवर टेकवून बसला. मागे एका मोटारीने हॉर्नचा धडाका लावला होता. त्याने आरशात पाहिले नाही. अमृतांजन पुलाच्या जागेजवळून गेलो. पूल 2020 सालीच पाडला, तरी आमची मान आपोआप वर झाली. साऱ्या उतारात त्याने ब्रेकवर चार वेळा पाय ठेवला असेल. आम्ही मोजीत होतो. खोपोलीत धाब्यापाशी गाडी लागली. आम्ही खाली उतरून जुन्या सवयीने मागच्या चाकाच्या ड्रमजवळ हात नेला. कोमट होता.